आंदणाची गाय

गाय लग्नात आली होती, म्हणून ती आजारी पडल्यावर आधी तिच्या माहेरी कळवायचं ठरलं. घरच्या सुनेला ताप आला तर कुणी इतक्या तत्परतेने माहेरी कळवत नाही. पण गाईचं तसं नव्हतं.

वेणूच्या बापाने, बुधाजीने, तीन वर्षांपूर्वी लेकीला आंदण म्हणून ही गाय दिली होती. वरात टेम्पोतून आली आणि गाय दुसऱ्या दिवशी वांगणीहून चालत आली. रंगाने तांबडी म्हणून तांबू. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये डोंगराकडच्या बाजूला हे सासरचं गाव. घरात माणसं तीनच. वेणू, तिचा नवरा हरिचंद्र आणि विधवा सासू मोतीबाई. हरिचंद्र अंबरनाथला कंपनीत पाळीवर जायचा, त्यामुळे शेत आणि गोठा दोन्ही बायकांच्या अंगावर.

सत्त्याऐंशी सालच्या कापणीचे दिवस होते. तांबू दसऱ्याच्या आधी दुसऱ्यांदा व्याली होती. त्या दिवशी सकाळी वेणू धारेला बसली आणि मागच्या उजव्या सडाला बोटं लावताच तांबूने लाथ झाडली. चरवी दाराबाहेर गेली. अशी लाथ तिने कधी मारली नव्हती. वेणूने हळूच कासेवर तळहात ठेवला. उजवी बाजू दगडासारखी घट्ट होती आणि नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखी तापलेली. दाबून दाबून दूध निघालं ते पाण्यासारखं, मध्ये दह्यासारख्या गुठळ्या आणि जराशी लाली.

मोतीबाईने त्यात बोट बुडवून वास घेतला आणि बोट पदराला पुसलं.

"तुझे बापाला निरोप धाड," ती म्हणाली.

"बाबांचा काय काम, आई? डाक्टरला बोलवूया ना."

"गाय कोनची?"

धार वेणू काढायची, शेण तीच काढायची, पण दुधाचे पैसे मोतीबाईच्या कमरेच्या पिशवीत जायचे. पहिल्या वेताचा गोऱ्हा मोतीबाईनेच विकला होता, तेव्हा गाय कोणाची हा प्रश्न कुणी काढला नव्हता.

"उद्या सुई टोचली आन् मेली तं तुझा बापूसच बोलंल, आमची धडधाकट गाय यांनी मारली," मोतीबाई म्हणाली. "त्याचा मानूस येवून बघूं दे. आपन कशाला वंगाल व्हायचा?"

हरिचंद्र पाळीवरून आला, जेवला, गोठ्यात जाऊन कास बघून आला. "आई बोलतं तसा कर," एवढंच म्हणाला. दिवसभर उभं राहून त्याचे पाय सुजलेले असत आणि सुजलेल्या पायांचा माणूस वादात पडत नाही.

निरोप गेला. वांगणीहून दुसऱ्या दिवशी उत्तर आलं तेही मोठं सभ्य होतं. बुधाजीने सांगून पाठवलं, दिलेल्या गाईचं औषधपाणी करायला मी धावत आलो तर व्याह्यांच्या घरात कुणी करणारं नाही असं चार लोकांत होईल. त्यांचा मान त्यांनी राखावा. मोतीबाईने ते ऐकलं आणि "बघ, अंग काढून घेतला," म्हणून कपाळाला आठ्या घातल्या. दोन्हीकडे एकमेकांचा मान राखला जात होता आणि गोठ्यात तांबू पाय फाकवून उभी होती, कारण तिला बसताही येत नव्हतं.

वेणू पहाटे तिची कास गरम पाण्याने शेकायची, मोतीबाईने सांगितलेला हळदीचा लेप लावायची आणि विळा घेऊन शेतावर जायची. भात पिकून आडवं व्हायला लागलं होतं. थांबता येण्यासारखं नव्हतं. वाकून वाकून कंबर धरली की ती क्षणभर उभी राही आणि गावाच्या दिशेने बघे. तिथून गोठा दिसत नव्हता. तरी बघे. तिला त्या दोन्ही घरांचा राग आला होता, आणि राग यायलाही अंगात ताकद लागते ती उरली नव्हती.

मग दोन्ही घरांना एकाच दिवशी दया आली.

रविवार होता. हरिचंद्र सकाळी उठून उल्हासनगरला गेला आणि कॅम्पातल्या डॉक्टरला घेऊन आला. हा सिंधी डॉक्टर तबेल्यातल्या म्हशी बघायचा, स्कूटरवरून हिंडायचा, आणि म्हशीचं दूध एका दिवसात वाढवून देतो अशी त्याची ख्याती होती. हरिचंद्र त्याच्या मागे पेटी मांडीवर धरून बसला होता. अंगणात स्कूटर लागते न लागते तोच पाणंदीतून बुधाजी आला. त्याच्याबरोबर त्यांच्या गावाकडचा डॉक्टर होता. म्हातारा, डोक्यावर टोपी, सायकलच्या हँडलला कातडी बॅग.

दोन जावयांना एकाच ताटावर बसवल्यासारखे ते दोघे अंगणात उभे राहिले.

"नमस्कार."

"नमस्कार जी. आप देख लो, आपकी केस है."

"छे छे, तुम्ही आधी आलात. तुमचीच केस."

मोतीबाईने वेणूला चहा ठेवायला सांगितलं. चुलीपाशी बसून वेणूला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"डाक्टर आनायचा व्हता तं आधी सांगायचा ना, येही," मोतीबाई म्हणाली. "आमी काय गाय उपाशी मारली?"

"मी तसा बोललू काय, येहीनबाई? पन इतके दिस जनावर तसाच ठेवला..."

"आमी ठेवला? निरोप कोनला धाडला व्हता?"

"माझे गोठ्यात व्हती तवा कवा आजारी नाय परली. कापनीच्या नादात धार येलेवर काढली नाय तं कास नासनारच."

"मंग मुलातच कास खराब असंल. दिली कशाला?"

आवाज चढले नव्हते. चढले असते तर बरं झालं असतं. चहा घेऊन वेणू बाहेर आली तेव्हा कॅम्पातला डॉक्टर पेटीचं झाकण लावत होता.

"देखो भाऊ," तो हरिचंद्राला म्हणाला, "मैं हात नहीं लगाता. गाय वाचली तर दोघं म्हणणार आमच्या डॉक्टरने वाचवली. मेली तर दोघं म्हणणार दुसऱ्याने मारली. अपने को धंदा करना है इस एरिया में."

म्हाताऱ्या डॉक्टरने टोपी काढून पुन्हा घातली. "एकाच्या केसला दुसऱ्याने हात लावू नये," तो पुटपुटला. "तुम्ही आधी आपसात ठरवा. मग मला बोलवा."

दोघांनी चहा मात्र घेतला. येण्याजाण्याचे पैसेही घेतले, कारण तेवढं द्यायला दोन्ही घरं अहमहमिकेने पुढे झाली. तांबूला गोठ्यात कुणी बघितलंसुद्धा नाही. बुधाजीने लेकीच्या घरचा चहा तसाच ओट्यावर ठेवला आणि तो डॉक्टरच्या सायकलीमागून चालत गेला. जाताना वेणूकडे बघून म्हणाला, "बय, तुझे सासूला समजव."

"मी कोनाला समजवू, बाबा?"



दुसऱ्या दिवशी उजाडताना वेणू उठली. एका डॉक्टरला बोलवलं तर सासर दुखावणार, दुसऱ्याला बोलवलं तर माहेर. म्हणून तिने दोन्ही घरांना न ओळखणारा डॉक्टर निवडला. बदलापूरला सरकारी गुरांचा दवाखाना होता. तिने जुनं लुगडं फाडून कासेखालून झोळीसारखं घेतलं आणि वर पाठीवर बांधलं, म्हणजे चालताना कास मांडीला घासू नये. वासरू कोंडून ठेवलं. शेजारच्या अंजनाला सांगितलं, "आई विचारील तं सांग, बदलापूरला गेली."

"एकटी? गाय चालंल तरी का?"

"चालंल. इथं उभी राहून तरी काय करतंय?"

तांबू चालली, पण कशी? दहा पावलं चालायची आणि थांबायची. वेणू पुढून दोर ओढत नव्हती. ती बाजूने चालत होती, एक हात तिच्या वशिंडावर ठेवून. रस्त्याने खडीचे ट्रक जात होते. त्यांची धूळ दोघींच्या अंगावर बसली. एका वीटभट्टीपाशी कुणीतरी ओरडून विचारलं, "काय गो, विकायला चाललीस?" पुढे एक ओळखीचा म्हातारा सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "हरिचंद्राची बायको ना तू? घरात पुरुष मानूस नाय काय?" वेणूने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. विकायला नेणारी बाई आणि दवाखान्यात नेणारी बाई लांबून सारखीच दिसते, याचं तिला फार वाईट वाटलं.

उन्हं चांगली वर आली तेव्हा दवाखाना आला. पुढे लाकडी खोडा, त्यात एक बैल अडकवलेला. मलमपट्टी करणारा कमळाकर बैलाच्या खुरातली घाण काढत होता. त्याचं झाल्यावर तांबूला खोड्यात घेतलं. डॉक्टर तरुण होता, नुकता बदलून आलेला, बाह्या दुमडून आला.

"मालक कुठंय?"

"कोन मालक?"

"गाईचा मालक, बाई. सांगतो ते समजून घ्यायला कोणीतरी लागेल ना."

वेणूच्या तोंडी आधी बापाचं नाव आलं. मग नवऱ्याचं. दोन्ही नावं गिळून ती म्हणाली, "मीच हाय. मना सांगा."

डॉक्टरने एकदा तिच्याकडे बघितलं आणि तो गाईकडे वळला. चारही सड पिळून बघितले. मागचा उजवा सड त्याने दोन बोटांत धरला आणि मान हलवली.

"उशीर केलात. हा गेला. याला आता दूध येणार नाही. बाकीचे तीन वाचतील, पण रोज सुई द्यायला लागेल, सडात औषध भरायला लागेल. पहिल्या दोन-चार दिवसांत आणली असतीत तर हाही राहिला असता."

"आमच्यात ठरत नव्हता," वेणू म्हणाली.

"काय ठरत नव्हतं?"

तिला सांगायचा कंटाळा आला. "कायनाय," ती म्हणाली.

सुई दवाखान्यातली होती. सडात भरायच्या नळ्या संपलेल्या. त्या बाहेरून मेडिकलमधून आणायच्या होत्या. कमळाकरने तिला हात धुवायला लावले, कास पिळून रिकामी कशी करायची ते दाखवलं, नळीचं टोक सडात कसं घालायचं ते दाखवलं. आज त्याने एक नळी कुणाच्या तरी उरलेल्यातून भरली. "पण उद्यापासून तुमच्या तुम्ही आणा, ताई," तो म्हणाला. "आणि रोज या. मध्ये सोडलंत तर आजचंही फुकट."

घरी आल्यावर मोतीबाई ओट्यावर बसलेलीच होती. "झाला गावभर दाखवून?" तिने विचारलं. नळ्यांचं ऐकल्यावर तिने कमरेची पिशवी उघडली नाही. "तूच नेलीस ना? मंग तूच बघ. मी ना नाय बोलली आन् हो पन नाय."

हरिचंद्राने रात्री जेवताना सगळं ऐकलं. "पगाराला अजून टाइम हाय," तो ताटाकडे बघत म्हणाला. पगार झाल्यावर तो आईच्या हातात द्यायचा, हे दोघांनाही माहीत होतं.

तेव्हा वेणू अंजनाच्या शेतावर मजुरीला गेली. एकमेकींच्या शेतात कापणीला जायची पद्धत होतीच, पण ते हाताला हात म्हणून. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. पैसे घेऊन जायच्या त्या डोंगरावरच्या वाडीतल्या बाया. वेणू त्यांच्याच रांगेत बसली. त्यांच्यातली चंद्री नावाची ठाकरीण तिला जागा करून देत म्हणाली, "तू कशी गं आमच्यात?"

"गाईच्या औषधाला."

चंद्री हसली नाही. "मंग लवकर हात चालव, उनं होतील," म्हणाली.

पहाटे निघून दवाखाना, परत येऊन अंजनाचं शेत, संध्याकाळी स्वतःचं उरलेलं, आणि दर थोड्या वेळाने कास पिळणं. वेणूच्या बोटांना विळ्याचे काप पडले होते, त्यात औषध झोंबायचं. संध्याकाळी अंजनाच्या नवऱ्याने मजुरीचे पैसे द्यायला हात पुढे केला तेव्हा तो तिच्या तोंडाकडे न बघता बाजूच्या भाऱ्याकडे बघत होता. ओळखीच्या माणसाने असं न बघणं तिला दिवसभराच्या उन्हापेक्षा जास्त लागलं. घरी मोतीबाई तिच्याशी बोलेनाशी झाली. जे बोलायचं ते चुलीशी किंवा मांजराशी बोलायची. "आमचे घरची सून दुसऱ्याचे शेतात पैशाला जातं, अजून काय बघायचा राह्यला?" मांजर ऐकून घ्यायचं.

एके दिवशी बदलापूरच्या रस्त्यावर तांबू थांबलीच नाही. सरळ चालत राहिली आणि कडेच्या गवताला तोंड लावलं. वेणू तिथे दगडावर बसली आणि रडली. आनंद झाला होता, पण रडू आलं ते मुख्यतः थकल्यामुळे. दवाखान्यात डॉक्टरने कास दाबून बघितली आणि म्हणाला, "बस. आता आणायची गरज नाही. तीन सडांची गाय आहे तुमची, पण चांगली आहे."

तुमची, असं तो म्हणाला. परत येताना वेणूने तो शब्द बराच वेळ मनात धरून ठेवला.

कापणी झाली, झोडणी झाली, दिवाळी झाली. पाडव्यानंतरच्या एका दुपारी वेणू डोंगराकडून गवताचा भारा घेऊन आली तर अंगणात एक काळी गाय बांधलेली. शिंगं रंगवलेली, गळ्यात नवा कंडा. ओट्यावर बुधाजी बसला होता आणि मोतीबाई त्याला स्वतःच्या हाताने चहा देत होती. हरिचंद्र खांबाला टेकून उभा होता. तिघेही इतके समाधानी तिने लग्नानंतर पहिल्यांदाच बघितले.

"आली गो," मोतीबाई म्हणाली. इतक्या दिवसांनी ती थेट वेणूशी बोलली. "बघ, बापूसाने काय आनलाय. चारी सड चांगले, पहिल्या वेताची."

"लोक बोलाया लागले," बुधाजी म्हणाला. "बुधाजीने लेकीला खोटी गाय दिली, लेक मजुरीला जातं. माझी मान खाली गेली, बय. म्हनून बदली आनली. ही ठेव. ती मी नेतू."

"नेवून काय कराल?"

बुधाजीने चहाचा घोट घेतला. "बघीन काय तरी. बाजार हाय ना."

वेणू भारा डोक्यावर घेऊन तशीच उभी होती. उतरव असं कुणी म्हटलं नव्हतं आणि तिलाही सुचलं नव्हतं. मान ताठून दुखायला लागली होती. गोठ्याच्या दारात तांबूचा दोर आधीच सोडून ठेवलेला तिला दिसला.

"ती जायाची नाय," ती म्हणाली.

"काय?"

"तांबू जायाची नाय. काली परत नेवा."

"येडी झाली काय?" मोतीबाई उठून उभी राहिली. "तीन सडाची गाय ठेवून चार सडाची परत धाडतं?"

"आमचा ठरलाय, वेणू," हरिचंद्र म्हणाला.

"तुमचा ठरतं तवा मना कोन विचारतं?" वेणूने डोक्यावरचा भारा सावरला. "ती मरत व्हती तवा तुमचा ठरत नव्हता. बाबा, ती तुमी मना दिली व्हती ना?"

"दिली."

"यांना नाय, मना?"

"तुलाच दिली. पन..."

"मंग दिलेली परत नेवू नका."

बुधाजीचा चेहरा उतरला. वांगणीहून तो काळीला सजवून, वाटेत भेटेल त्याला सांगत आला होता. आता तिला घेऊन त्याच वाटेने परत जायचं होतं, त्याच माणसांच्या पुढून. त्याने कप खाली ठेवला. तो म्हातारा दिसत होता आणि वेणूला त्याची दया आली, तरी ती मागे हटली नाही.

"आज मना परत धाडतंस," तो म्हणाला, "उद्या ही आजारी परली तं माझे दारात येवू नको."

"नाय येनार."

"आमचे पन दारात मागू नको," मोतीबाई म्हणाली. "पेंढा, पेंड, डाक्टर, सगला तुझा. घरच्या पेंढ्याच्या काडीला हात लावायचा नाय."

"नाय लावनार."

आईकडे बघून हरिचंद्राने खांब सोडला आणि काळीचा दोर सासऱ्याच्या हातात दिला. बुधाजी निघाला. काळी नवीन जागेला रुळायच्या आतच परत निघाली म्हणून हंबरत होती. पाणंदीच्या वळणावर तो थांबेल असं वेणूला वाटलं. तो थांबला नाही.

तिने गोठ्यात जाऊन तांबूचा दोर पुन्हा दावणीला बांधला आणि मगच भारा खाली टाकला. डोकं एकदम हलकं झालं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. ती तिथेच भिंतीला टेकून बसली. तांबू गवत ओढायला लागली. उद्यापासून हिचं खाणंपिणं, दुखणंखुपणं, सगळं एकटीने करायचं होतं, आणि बाप आता या दारात यायचा नव्हता. हे सगळं तिला स्वच्छ कळत होतं. तिला फार दमायला झालं होतं. भीती मात्र वाटत नव्हती.

"दिवा लावायला कोनी येनार हाय का?" मोतीबाई आतून मांजराला विचारत होती.

"येतंय," वेणू म्हणाली. "माझी गाय खातंय. तिचा होऊं दे."